विमानांतील खिडकीची जागा

विमानाचें तिकीट घेतांना प्रवाशापुढें एक लहानसा आराखडा येतो. मधून एक अरुंद वाट, तिच्या दोन्ही अंगांस तीन-तीन चौकोन, प्रत्येक ओळीस आंकडा आणि प्रत्येक चौकोनास इंग्रजी वर्णमालेंतील एक अक्षर. यांतील कोणता चौकोन हवा, असा प्रश्न केलेला असतो. आणि बऱ्या चौकोनाबद्दल विमान कंपन्या तिकिटाच्या रकमेवर निराळा आकारही घेतात. बहुतेक प्रवासी येथें केवळ सोयीचा विचार करितात. लवकर बाहेर पडतां यावें म्हणून कोणी पुढची ओळ मागतो, तर पाय मोकळे राहावेत म्हणून कोणी वाटेजवळची जागा मागतो. खिडकीची आवड असणाराही ‘खिडकी’ एवढा एकच शब्द उच्चारून संतुष्ट होतो. ती खिडकी डावीकडची असावी कीं उजवीकडची, पंखाच्या पुढची कीं मागची, सकाळच्या विमानांतली कीं संध्याकाळच्या, हा विचार करणारा विरळा. वस्तुतः सारा फरक तेथेंच पडतो. आगगाडींत चुकीच्या बाजूस बसलेला मनुष्य उठून दारापाशीं जातो व दुसरी बाजू पाहून येतो. विमानांत ती सोय नाहीं. एकदां पट्टा बांधला, कीं जी खिडकी वाट्यास आली तेवढाच देश त्या दिवसापुरता आपला.

वरून देश पाहण्याची हौस मात्र विमानाहून पुष्कळच जुनी आहे. ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गांत लंकेहून परत निघालेले रामचंद्र पुष्पक विमानांतून सीतादेवीला खालचा एकेक प्रदेश दाखवीत जातात. समुद्र आणि सेतु, माल्यवान् पर्वत, पंपा सरोवर, गोदावरी, पंचवटी, गंगायमुनांचा संगम आणि शेवटीं शरयू असा तो क्रम आहे. त्यांत केवळ सृष्टिशोभा नाहीं. सीतेचा शोध करीत असतां तिचें गळून पडलेलें नूपुर जेथें सांपडलें, ती जागाही रामचंद्र बोटानें दाखवितात. ‘मेघदूतां’तील यक्ष तर मेघाला उत्तरेकडे धाडतांना वाट वांकडी करून उज्जयिनीवरून जाण्यास सांगतो. कालिदासाला आजचें विमान ठाऊक असण्याचें कारण नाहीं; पण उंचावरून काय पाहावें आणि त्यासाठीं वाट व बाजू आधीं ठरवावी लागते, हें त्याला चांगलें ठाऊक होतें.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादवरून मुंबईस आले. त्यांचें ‘पुस मॉथ’ विमान लहान होतें आणि तशीं विमानें आजच्या मानानें बरींच खालून उडत. आतांचीं मोठीं प्रवासी विमानें ९-१० किलोमीटर उंचीवरून ताशीं सुमारें ८०० किलोमीटर वेगानें जातात. इतक्या उंचीवरून क्षितिज सुमारें ३५० किलोमीटर दूर असतें, हें खरें. परंतु त्यांतील बहुतेक प्रदेश धूसर निळसर पट्ट्यासारखा दिसतो. गांव, पूल, टेंकडी अशा खुणा ओळखूं याव्यात असा टापू म्हणजे विमानाच्या बाजूस १० ते ४० किलोमीटरांपर्यंतचा. अगदीं विमानाच्या पोटाखालीं जें येतें तें तर कोणत्याच खिडकींतून दिसत नाहीं. तेव्हां जें पाहावयाचें तें वाटेच्या कोणत्या अंगास व किती अंतरावर आहे, हें नकाशावर आधीं पाहून ठेवणें हीच पहिली तयारी होय.

हें उदाहरणावरून स्पष्ट होईल. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादें तालुक्यांत ब्राह्मणपुरी नांवाचें गांव आहे. मुलूख तापीच्या खोऱ्याचा. काळी जमीन, केळी, पपई, ऊस आणि कापूस यांचीं शेतें, आणि उत्तरेला सातपुड्याची रांग. अशा गांवचा एखादा मुलगा मुंबईस नोकरीस आहे, मुलगी इंदुरास दिलेली आहे, आणि मुलाकडे राहावयास आलेले वृद्ध आईवडील मुंबईहून मुलीकडे विमानानें जाणार आहेत, अशी कल्पना करावी. त्यांचा हा पहिलाच विमानप्रवास. कदाचित् शेवटचाही असेल. दोघांच्या मनांत इच्छा एकच, ती ही कीं ज्या मातींत सारा जन्म गेला ती एकदां वरून कशी दिसते तें पाहावें. आतां त्यांचें तिकीट काढणाऱ्यानें कोणतें अक्षर निवडावें?

मुंबई आणि इंदूर यांमधील सरळ अंतर सुमारें ५०० किलोमीटर आहे. नकाशावर या दोन शहरांना जोडणारी रेषा ओढली, तर ती ईशान्येकडे जाते. तिच्या उजव्या अंगास महाराष्ट्रांतील सर्वांत उंच, १,६४६ मीटरांचें कळसूबाईचें शिखर येतें. पुढें नाशिक आणि गोदावरी, मग मालेगांव व धुळें, आणि तापीच्या पलीकडे शिरपूर. डाव्या अंगास बागलाणांतील १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर, नंतर सारंगखेडें, शहादें आणि प्रकाशें यांच्या बाजूची तापी, व त्यामागें तोरणमाळाकडील सातपुडा. सप्तशृंगीचा डोंगर तर जवळजवळ रेषेखालींच येतो. म्हणजे सर्वांत जवळ असूनही तो दिसण्याचा भरंवसा सर्वांत कमी. शहाद्याचा परिसर रेषेपासून डावीकडे २५-३० किलोमीटरांवर राहतो. हें अंतर पाहण्यास चांगलें आहे. गांव पंखाखालीं दडत नाहीं आणि धुरकटांतही हरवत नाहीं. तेव्हां नाशिकच्या माणसानें उजवी बाजू घ्यावी व ब्राह्मणपुरीच्या माणसानें डावी. विमानाच्या तोंडाकडे पाहत बसलें असतां डावीकडची खिडकी ‘ए’ अक्षराची आणि उजवीकडची, तीन-तीन जागांच्या विमानांत, ‘एफ’ अक्षराची असते. सरळ रेषा ही अर्थात् नकाशावरची सोय आहे. वादळी ढग असले किंवा आकाशांत विमानांची गर्दी असली तर वैमानिकाला वाट बदलावी लागते, आणि मुंबईहून समुद्राकडे तोंड करून उड्डाण झालें तर आरंभीं मोठें वळणही घ्यावें लागतें. तरीपण बाजूचा हा हिशेब बहुधा चुकत नाहीं.

बाजू ठरली कीं सूर्याचा विचार करावा. सकाळीं ईशान्येकडे जाणाऱ्या विमानाच्या उजव्या अंगास ऊन येतें. त्या बाजूच्या प्रवाशाचे डोळे दिपतात, खिडकीवरचा प्रत्येक ओरखडा चमकूं लागतो, आणि शेवटीं तो बिचारा पडदा ओढून घेतो. डावीकडच्या प्रवाशाच्या पाठीशीं सूर्य असतो. त्याच्यापुढें पसरलेल्या जमिनीवर ऊन पडलेलें असतें आणि काळी माती, हिरवें पीक, पिवळें रान हे रंग आपापल्या खऱ्या स्वरूपांत दिसतात. खालीं ढगांचा थर असला तर त्यावर विमानाची लहानशी सांवली पळतांना दिसते व तिच्याभोंवतीं इंद्रधनुष्याच्या रंगांचीं कडीं उमटतात. हें प्रभामंडल सूर्याच्या विरुद्ध बाजूसच दिसतें. उन्हाच्या बाजूस बसणाऱ्याला तें कधींच दिसावयाचें नाहीं. संध्याकाळच्या विमानांत याच्या उलट प्रकार होतो. मावळता सूर्य डावीकडे येतो, जमीन काळवंडते, आणि पाणी तेवढें चकाकतें. तापीची एक रुपेरी रेघ पाहून ज्याचें समाधान होईल त्यानें संध्याकाळ निवडावी. शेतें आणि गांवें पाहावयाचीं असतील त्यानें सकाळच घ्यावी. भर दुपार सर्वांत वाईट. त्या वेळीं सांवल्या आंखडलेल्या असतात, डोंगराची उंची कळत नाहीं आणि धूळ वर चढलेली असते.

तिसरी गोष्ट पंखाची. ‘एअरबस ३२०’ जातीच्या विमानांत साधारणपणें दहाव्या ओळीपासून विसाव्या ओळीपर्यंतच्या खिडक्यांखालीं पंख पसरलेला असतो. तेथें बसणाऱ्याला आकाश पुष्कळ दिसतें, पण खालचा देश पंख खाऊन टाकतो. संकटकाळीं उघडावयाचीं मधलीं दारेंही तेथेंच असतात. त्यांच्याजवळ पायांना ऐसपैस जागा असली तरी दार उघडण्याची शक्ति असलेल्यांनाच ती देतात, वृद्धांना व मुलांना देत नाहींत. पंखाच्या मागें नजर मोकळी होते खरी, परंतु इंजिनांतून निघणारी तप्त हवा मागें वाहत असते व तिच्यांतून पाहतांना खालचीं दृश्यें उन्हाळ्यांतल्या मृगजळासारखीं थरथरतात. म्हणून पंखाच्या पुढच्या ओळी उत्तम, अगदीं मागच्या मध्यम, आणि पंखावरच्या कनिष्ठ, असा क्रम लावावा. ‘एटीआर’ जातीच्या पंख्याच्या विमानांत पंख छताच्या पातळीवर असतो. तो आकाश झांकतो व जमीन मोकळी सोडतो. अशीं विमानें मोठ्या विमानांपेक्षां खालून आणि सावकाश जातात. त्यामुळें उतावळ्या प्रवाशांना त्यांचा कंटाळा येत असला तरी पाहणाऱ्याला तीं वरदानच आहेत.

खिडकीची ओळ निवडली तरी खिडकी मिळेलच असें नाहीं, ही गोष्टही ध्यानांत ठेवावी. खिडक्या विमानाच्या सांगाड्यांत ठरलेल्या अंतरावर बसविलेल्या असतात. खुर्च्या मात्र प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबानें मागेंपुढें लावते. त्यामुळें कांहीं खुर्च्यांच्या वाट्यास अर्धी खिडकी अन् अर्धी भिंत येते. ‘बोइंग ७३७’ जातीच्या कांहीं विमानांत तर हवेची नळी भिंतींतून वर गेलेली असल्यामुळें एका ओळीस खिडकीच नसते. खिडकी स्वतः तीन पदरांची असते आणि मधल्या पदराला सुईनें केल्यासारखें एक बारीक छिद्र असतें. तें पाहून भिणाऱ्यानें भिऊं नये. आंतील व बाहेरील हवेचा दाब सांभाळावा आणि कांचेवर बाष्प सांचूं नये यासाठीं तें मुद्दाम ठेवलेलें असतें. उंचावर त्याच्याभोंवतीं कधीं कधीं हिमाचें नाजूक फूल उमटतें. तेंही पाहण्यासारखें असतें.

ऋतूंत सर्वांत चांगला काळ पावसाळा सरल्यावरचा. धूळ धुऊन गेलेली असते, नदीनाले भरलेले असतात आणि शेतांत पीक उभें असतें. ऐन पावसाळ्यांत ढगांचा समुद्र दिसतो, तोही सुंदर. पण गांव शोधणाऱ्याच्या तो कामाचा नाहीं. वैशाखांत सारा खानदेश धुरकट पांढऱ्या पडद्याआड असतो.

आतां या आईवडिलांना पंखापुढची डावीकडची खिडकी मिळाली, सकाळचें विमान मिळालें, आणि दिवाळीनंतरचे दिवस आहेत असें धरून चालूं. मुंबईचा किनारा मागें टाकून विमान वर चढतें तों सह्याद्रीचा तुटलेला कडा खालून सरकतो. थोड्याच वेळांत डावीकडे बागलाणचे सपाट माथ्याचे डोंगर दिसतात. त्यांच्या अंगावर पायऱ्यांसारखे थर असतात. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं एकावर एक वाहत आलेल्या लाव्हारसाचे ते थर होत. पुढें धुळें आणि नंदुरबार यांच्या दरम्यान एक विलक्षण गोष्ट पाहावयास मिळते. सपाट रानांतून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती पूर्वपश्चिम गेलेल्या असतात, जणूं कोणी आंखणी घेऊन रेघा ओढल्या आहेत. जमिनीच्या भेगांत शिरून तेथेंच थिजलेल्या त्याच लाव्हारसाच्या या भिंती आहेत; भोंवतालचा खडक झिजला आणि या उभ्या राहिल्या. खालून पाहणाऱ्याला ती एक ओबडधोबड टेंकडी वाटते. तिची सरळ रेघ वरूनच कळते.

उड्डाणानंतर साधारण अर्ध्या तासानें तापी येते. येथून पुढें डोळा मिटूं नये, कारण तापीपासून नर्मदेपर्यंतचें अंतर विमानाला जेमतेम ८ मिनिटांचें आहे. याच सुमारास विमान बहुधा उतरणीस लागतें आणि जमीन जवळ येऊं लागते. आधीं सारंगखेड्याचा पूल आणि बंधारा शोधावा. श्रीदत्तजयंतीला जेथें घोड्यांचा बाजार भरतो तेंच हें सारंगखेडें. त्याच्या पश्चिमेस तापीला गोमाई मिळते तें प्रकाशें, ज्याला खानदेशांत दक्षिणकाशी म्हणतात. त्या संगमापासून गोमाईच्या कांठानें नजर वर चढवीत न्यावी, म्हणजे शहादें सांपडतें. त्याच्या भोंवतालच्या हिरव्या-काळ्या चौकडींतला एखादा घरांचा पुंजका म्हणजे ब्राह्मणपुरी. त्यावर नांव लिहिलेलें नसतें. पण ज्यानें त्या वाटांवरून पन्नास वर्षें बैलगाडी हांकली आहे त्याला नांवाची गरज लागत नाहीं. नदीचें एक वळण आणि डोंगराची एक सोंड एवढ्यावरून तो बोट ठेवतो. मागें सातपुड्याच्या रांगा एकामागून एक फिकट होत जातात, आणि त्यांत दूर हजार मीटरांहून उंच असें तोरणमाळाचें पठार असतें.

सातपुडा ओलांडला कीं नर्मदा. येथें डावीकडच्या खिडकींतून जें दिसतें तें सर्व वाटेवर बहुधा सर्वांत मनोहर आहे. डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेलें निळें, स्थिर पाणी, त्याचे फांद्यांसारखे फांटे, आणि पाण्यांतून वर आलेले टेंकड्यांचे माथे. हा सरदार सरोवराचा विस्तार होय. गुजरातेंतील धरणाची भिंत १३८.६८ मीटर पातळीपर्यंत बांधली गेली, १७ सप्टेंबर २०१७ रोजीं धरणाचें लोकार्पण झालें आणि सप्टेंबर २०१९ मध्यें तें प्रथमच काठोकाठ भरलें. पाणी धरणामागें २०० किलोमीटरांहून अधिक अंतर पसरलें आहे. पश्चिमेकडे जेथें तें धूसर होत जातें, त्या बाजूस अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. त्यांतील पुष्कळ कुटुंबें आज तळोदें व शहादें तालुक्यांतील पुनर्वसनाच्या वसाहतींत राहतात. म्हणजे ब्राह्मणपुरीच्या माणसाला तीं परकीं नव्हेत. तीं त्याच्याच तालुक्याच्या बाजाराला येणारीं माणसें आहेत.

खिडकी या बाबतींत मुकी असते. तिच्यांतून पाण्याचा रंग दिसतो. त्याखालचें शेत, देवाचें ठाणें आणि मोहाचें झाड दिसत नाहीं. त्याच पाण्यानें दूरच्या कोरड्या मुलखाला पाणी व वीज मिळाली, हेंही त्या रंगावरून कळत नाहीं. ज्याला कांहींच ठाऊक नाहीं तो ‘किती सुंदर!’ म्हणतो आणि पुढें पाहतो. ज्याला ठाऊक आहे तोही सुंदरच म्हणतो, पण क्षणभर गप्प होतो. रामचंद्रांनीं नूपुराची जागा दाखविली नसती तर सीतेला तेथें एक अरण्य तेवढें दिसलें असतें. चांगल्या खिडकीला शेजारीं एक सांगणारा लागतो, तो याचसाठीं. म्हणून मुलानें तिकीट काढतांना एक घरगुती नकाशाही काढून द्यावा. कागदावर एक रेषा, तिच्या डावीकडे सात-आठ नांवें, आणि प्रत्येकापुढें उड्डाणानंतरचीं अंदाजी मिनिटें. छापील माहितीपेक्षां हा कागद अधिक उपयोगी पडेल.

आणि खिडकीशीं कोणी बसावें? आपल्या घरांतून या प्रश्नाचें उत्तर विचारावांचून ठरून गेलेलें असतें. आगगाडींत आणि एसटींत जन्मभर खिडकी मुलांना देत आलेली आई येथेंही ‘मला कशाला, तुम्हीच बसा’ असें म्हणून वाटेकडची जागा धरील. या वेळीं तिचें म्हणणें ऐकूं नये. ‘ए’ची जागा तिच्या नांवानें घ्यावी आणि ‘बी’ची वडिलांच्या, म्हणजे पाहणारी खिडकीशीं आणि वाटा ठाऊक असलेला तिच्या खांद्याशीं, अशी व्यवस्था आपोआप होते. तापी आली कीं दोघेही एकाच कांचेवर वांकतील. तेवढ्या आठ मिनिटांपुरती मान अवघडली तर बिघडत नाहीं.

ज्यांना जादा आकार द्यावयाचा नसेल त्यांनीं विमानतळावर लवकर जाऊन खिडकीवर नम्रपणें विचारावें. रिकामी जागा असली तर सांगितलेल्या कारणाचा मान बहुधा राखला जातो, आणि म्हाताऱ्या माणसांना आपलें गांव पाहावयाचें आहे हें कारण कोणालाही समजण्यासारखें आहे. ज्याच्या हातीं खिडकी आहे आणि ज्याला झोंपच घ्यावयाची आहे, त्यानें पडदा लावण्यापूर्वीं एकदां शेजारच्याकडे पाहावें. इंदुराहून मुंबईस परततांना मात्र तोंड नैर्ऋत्येकडे असतें, आणि तापीचा तोच मुलूख आतां उजवीकडे येतो. परतीच्या तिकिटावर ‘ए’च्या जागीं ‘एफ’ घालण्यास विसरूं नये, आणि विमान शक्यतों सकाळचेंच घ्यावें.